बेसिनमधली नदी

मित्रांनो, खिडकीजवळच्या स्टँडवर जाळी चेपलेला जो जुना माईक दिसतोय ना, तो मी. कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला चकचकीत होतो. बरीच वर्षं एका सभागृहात काढली. भाषणं ऐकून ऐकून कान किटले. मग बिनवायरचे नवे माईक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथून मला एका ताईने उचलून आणलं. ती आणि तिचे तीन सोबती एक गेम बनवत होते. त्यात चित्र एकही नव्हतं. नुसत्या आवाजावरून जंगलातून घरी पोचायचं. ताईच्या दादाला दिसत नाही. त्याला खेळता यावं म्हणून हा सगळा खटाटोप! ताईने माझ्यासमोर वाळकी पानं चुरगळली, छत्री उघडमिट करून पक्ष्याचे पंख फडफडवले, नळ सोडून नदी वाहवली.

दादा पहिल्यांदा खेळायला बसला. थोडा वेळ ऐकून म्हणाला, "अगं, जंगलात बेसिन कुणी बसवलं?"

सगळे हसले. ताई मात्र रडकुंडीला आली. "गेम बाजारात यायला आठवडाच उरलाय रे! पाणी ते पाणीच ना?"

"तुला ते दिसतं. मला नुसतं ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन नदीवर गेली. पाण्यात तिचा पाय घसरला आणि मी दगडावर आपटलो. माझी जाळी चेपली, तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला रुमालाने पुसलं, उन्हात वाळवलं. मी शाबूत होतो! मग मी पोटभर नदी ऐकली.

गेम बाजारात आला आणि लोकांनी तो उचलून धरला. ऑफिसात केक कापला, एकेकाचं नाव घेऊन टाळ्या झाल्या. माझं नाव कुणी घेतलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात दादाच्या एका मित्राने हेडफोन लावला. त्यालाही दिसत नाही. वाट शोधत तो नदीशी पोचला, आणि बसल्या जागी त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली.

"सगळे गप्प का झालात?" दादाने विचारलं.

"दादा, नदी आली म्हणून त्यांनी पँट वर केली रे!" ताई म्हणाली.

"बूट काढलेत ना?"

खोलीभर हशा पिकला. तोही मी ऐकला.

मित्रांनो, जुन्या वस्तूला अडगळीत टाकायची घाई करू नका. धूळ पुसा, वायर ओढू नका. आम्हाला अजून पुष्कळ ऐकायचं असतं.