दुखवट्याची ताटली

ज्या घरी दुखवटा असतो, त्या घरी ईस्टरचे मामूल, ती सारणाची रव्याची बिस्किटे, होत नाहीत. शेजारी देतील तेवढेच खायचे, ही लेबनॉनच्या त्या डोंगरगावाची रीत. वदीआने तिचा उलट अर्थही मनोमन लावला होता: जिथे मामूल होतात, तिथे कोणी मेलेले नाही. तर्कशास्त्राला हा व्यत्यास मान्य नाही, आईला होता. म्हणूनच तिचा मुलगा जिर्यस युद्धात नाहीसा होऊन तीन वर्षे लोटली तरी ती दरसाल रवा तुपात मुरवी, खजुराचे सारण भरी आणि लाकडी साचा पाटावर असा आपटी, की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावे.

पूर्वी सारण भरायला पाचसहा बायका जमत. यंदा एकही फिरकली नाही. वदीआने एकटीने सहा डझन भरले. शेवटचा घाणा भट्टीतून निघत होता, तोच थोरली नणंद अफीफे दारात येऊन उभी राहिली. हातात झाकलेली ताटली होती.

"हे काय, वन्सं?"

"मामूल आहेत. घरचेच."

"आणि माझ्या ओट्यावर काय धोंडे मांडलेत?"

"वदीआ, सगळा गाव पाठवायचं म्हणत होता. मी म्हटलं, पहिली ताटली घरच्या माणसाची जाऊ दे."

"गावाने प्रेत पाहिलं त्याचं?"

"तू त्याला जिवंत पाहिलंस?"

वदीआ खिडकीशी बसलेल्या नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐकताय ना? सांगा तुमच्या बहिणीला. ताटली परत न्यायला सांगा."

तनूस उठला. बायकोच्या वाफाळत्या मामूलांवरून त्याची नजर एकवार फिरली. मग त्याने बहिणीच्या ताटलीवरचे फडके बाजूला सारले, एक मामूल उचलला आणि खाऊ लागला.

"देव त्याच्या आत्म्याला शांती देवो," तो म्हणाला.

तीन वर्षांत हे शब्द वदीआसमोर काढण्याची छाती गावात कोणाची झाली नव्हती. अफीफेनेही मान खाली घातली. ओठांना लागलेली साखर तनूसने मनगटाने पुसली.

"घास तरी गिळायचात आधी," वदीआ म्हणाली.