हात कुठे थांबला

बातम्यांच्या वाहिनीवर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते आणि त्या चौकटीत काळ्या कपड्यांतली एक बाई हात हलवत असते. बहुतेकांचं तिच्याकडे लक्षही जात नाही. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांची मात्र सगळी बातमी तिच्या त्या दोन हातांत असते.

घरी तिचं नाव पापणी. हे नाव कुणी तोंडाने घेत नसे. आई आणि दादा दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे नाव बोटांनी घ्यायचं: डोळ्याजवळ दोन बोटं नेऊन मिटायची. लहानपणी ती सारख्या पापण्या मिटायची, म्हणून दादाने हे नाव पाडलं होतं. घरातलं सगळं बोलणं, भांडणं, टोमणे, लाड, खुणांच्या भाषेतच चालायचे. घरात आवाज असा तिचा एकटीचाच, आणि तोही फारसा उपयोगाचा नाही.

दादा बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, समुद्रकाठच्या गावात राहायचा. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन प्रवाळं दाखवायचं त्याचं काम. "पाण्याखाली सगळेच मुके," तो म्हणायचा, "तिथं माझ्याइतकं बडबडं कुणी नाही." पण लागोपाठ दोन उन्हाळे पाणी इतकं तापलं, की रंगीत प्रवाळांची रानं पांढरीफटक पडली. तेव्हा दादाने आणि त्याच्या होडीवाल्या मित्राने उरलेले जिवंत तुकडे गोळा केले, लोखंडी जाळ्यांवर बांधले आणि जरा खोल, गार पाण्यात नेऊन ठेवले. रोज खाली उतरून तो त्यांच्यावरचं शेवाळ दात घासायच्या ब्रशने काढायचा. पर्यटक कमी झाले होते. होडीवाला म्हणत होता, की आता दुसरं काहीतरी बघू या. दादा ऐकत नव्हता.

"वर्षाअखेरीचा तुमचा विज्ञानाचा कार्यक्रम होतो ना," फोनच्या पडद्यावर दादा पापणीला म्हणाला होता, "त्यात शास्त्रज्ञ काय सांगतात ते बघतो. जगतील म्हणाले तर ठेवतो. सगळं संपलं म्हणाले तर जाळ्या काढून टाकतो. उगाच किती दिवस ब्रश फिरवायचा?"

पापणीने हसून विषय बदलला होता. कारण त्या कार्यक्रमात यंदा कुठली बातमी पहिली येणार, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

कार्यक्रमाच्या दुपारी निर्मात्याने तिच्या हातात संहिता दिली. वर्षातली हवामानाची सर्वांत मोठी बातमी अशी होती: उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांनी निर्णायक उंबरठा ओलांडला आहे. पृथ्वीच्या इतर काही व्यवस्थाही, जसे ध्रुवांकडचे हिमथर आणि मोठी जंगलं, आपापल्या उंबरठ्याजवळ आल्या आहेत.

तिने दोनदा वाचलं आणि ती सरळ प्राध्यापिकाबाईंच्या खोलीकडे गेली. बाई समुद्राच्या अभ्यासक, कार्यक्रमाच्या पाहुण्या. चेहऱ्यावर पावडर लावून घेत आरशासमोर बसल्या होत्या.

"बाई, दोन मिनिटं देता का? हा उंबरठा माझ्याच्याने दाखवला जात नाही."

"का हो?"

"खुणांत उंबरठा म्हणजे दाराचाच उंबरठा. ओलांडला की माणूस घरात येतो. आमच्या लोकांना वाटेल, प्रवाळं सुखरूप घरी पोचली."

बाई खळखळून हसल्या, आणि मग एकदम थांबल्या. "खरंच की. मग काय दाखवाल?"

"कडा." पापणीने डावा पंजा आडवा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यावरून चालवत टोकापर्यंत नेली. "प्रवाळं कडेवरून खाली पडली, असं दाखवते. पण बाकीच्या गोष्टी 'जवळ' आल्यात म्हणता. किती जवळ?"

"अं... जवळ. आम्ही तसंच लिहितो."

"बोलताना चालतं. हाताला नुसतं 'जवळ' येत नाही हो. हात कुठेतरी ठेवावाच लागतो. तुम्हीच ठेवून दाखवा."

बाईंनी तिच्या पंजावर आपली दोन बोटं टेकवली. मनगटापाशी. मग पुढे सरकवली. थोडी मागे घेतली. पुन्हा पुढे, अगदी नखांपर्यंत. त्यांच्या कपाळावर आठी पडली. इतकी वर्षं आकडेमोड केलेल्या त्या बाईंची बोटं एका जागी टिकत नाहीत, हे पापणीला स्वतःच्या तळव्यावर जाणवलं.

"कडा नेमकी कुठे आहे तेच धुक्यात आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुढे जातोय एवढं नक्की. असं दाखवता येईल?"

"येईल. चाचपडत जाणारी बोटं दाखवते. आणि प्रवाळं? पडली ती कुठवर पडली?"

"पार तळाला नाही म्हणायचं. पूर्वीसारखी आता व्हायची नाहीत, निदान पाणी गार होईपर्यंत तरी नाही. पण काही खोल, गार जागी थोडी तग धरून आहेत. ते मी शेवटी सांगणार आहे."

मग दोघींनी ठरवलं: पडणारा हात कमरेशी थांबवायचा, आणि तिथे बोटं किंचित हलवायची. थोडं जिवंत आहे. रंगीत तालमीत चौकट कमरेच्या खालपर्यंत दिसत होती. सगळं नीट झालं.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पापणी दिव्यांच्या उजेडात उभी राहिली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एकटा दादा होता. बातमी आली. बोटं कडेपर्यंत चालली, पडली, कमरेशी थांबली, हलली. घाम मानेवरून पाठीत उतरला. शेवटी बाई म्हणाल्या, "सगळं संपलेलं नाही, पण वेळ हातातून चाललाय," तेही तिने नेटकं दाखवलं. बाहेर आल्यावर बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

घरी आली तर आई टीव्ही बंद करून जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर ताट, पण घास घेतलेला नाही.

"सगळं गेलं?" आईने हातांनी विचारलं.

"सगळं नाही. असं कोण म्हणालं?"

"तू." आईने पंजा धरला, बोटं कडेवरून सोडली आणि हात खाली, टेबलाच्याही खाली नेला. दिसेनासा केला. तिथेच ठेवला.

"मी असं नाही केलं, आई! मी कमरेशी थांबले होते."

आईने नुसती मान हलवली. पापणीने फोनवर कार्यक्रम लावला आणि ती जागा पुन्हा मागे नेऊन बघितली. प्रक्षेपणात पडद्याच्या खालच्या बाजूला जाहिरातीची धावती पट्टी लावली होती. तिची चौकट छातीपाशीच कापली गेली होती. हात कडेवरून पडत होता आणि पट्टीमागे नाहीसा होत होता. कमरेशी हललेली बोटं कुणालाच दिसली नव्हती. बाईंचं शेवटचं वाक्य चालू असताना तर पडदाभर मेलेल्या प्रवाळांची चित्रं होती आणि तिची चौकट गायब होती.

तिने निर्मात्याला फोन लावला.

"अहो, एवढं बारीक कोण बघतंय?" तो म्हणाला.

"ज्यांच्यासाठी मी तिथे उभी असते, ते बघतात. त्यांना दुसरं काय दिसतं?"

"बरं बरं. उद्या संध्याकाळच्या बातम्यांत खुलासा करू."

उद्या संध्याकाळ. तिने तोवर दादाला संदेश पाठवला होता: मी बोलेपर्यंत जाळ्यांना हात लावू नकोस. संदेश पोचला नव्हता. पुन्हा पाठवला. चित्रफोन लावला. वाजतच नव्हता. दादाचं असंच असायचं. मनाला लागलं की फोन बंद करून उशाखाली घालायचा. होडीवाल्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. 'काही लागलं तर मीच फोन करीन, त्याचा नंबर तू काय करणार,' असं म्हणत दादाने तो कधी दिलाच नव्हता.

"मी उद्या पहाटेच्या बसने जाते," तिने आईला सांगितलं.

"आधी जे करायचं ते कर," आई म्हणाली आणि फोन स्वतःच्या हातात धरून समोर उभी राहिली. पापणीने भिंतीला टेकून अख्खी बातमी पुन्हा खुणांनी सांगितली, या वेळी हात पूर्ण दिसेल अशी. ती चित्रफीत तिने ओळखीच्या सगळ्या गटांवर पाठवली. लोकांची उत्तरं येत राहिली. कुणी आभार मानले, कुणी चांगलंच झापलं. एक आजोबा म्हणाले, 'मी नातवाला सांगून बसलो की समुद्र मेला. आता पुन्हा सांगतो.' दादाचं उत्तर नव्हतं.

बसमध्ये तिला बसवत नव्हतं. दर थांब्याला ती फोन बघायची, खिडकीतून पुढे किती रस्ता राहिला ते बघायची. शेजारच्या बाईने विचारलं, "कुणी आजारी आहे का?" "हो," ती म्हणाली.

धक्क्यावर पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. लांबूनच तिला जाळ्या दिसल्या. एकावर एक रचलेल्या, सिमेंटवर, उन्हात. जवळ गेल्यावर वास आला, सडक्या शिंपल्यांसारखा. तुकड्यांवरचा चिकट थर वाळून तपकिरी झाला होता. दादा पलीकडे पाय सोडून बसला होता, पोहण्याचा रबरी पोशाख कमरेपर्यंत उतरवून, हातात सुरी.

होडीवाला धावत आला. "ताई, बरं झालं आलात! सकाळपासून सांगतोय, थांब म्हणून. मला खुणा येतात त्या 'वर चल' आणि 'हवा संपली' एवढ्याच, आणि लिहून दाखवलं तर हा बघत नाही. त्यात माणसाची समजूत कशी घालायची? शेवटी हवेच्या टाक्याच लपवल्या. अर्ध्या जाळ्या अजून खाली आहेत."

पापणी दादासमोर जाऊन उभी राहिली. त्याने मान वर केली. डोळे लाल होते, खाऱ्या पाण्याने की कशाने कोण जाणे.

"तूच सांगितलंस," तो म्हणाला. "दिसेनासं झालं म्हणालीस."

"पट्टी लावली होती त्यांनी. माझा हात मागे होता. तो थांबला होता."

"कुठे?"

तिने दाखवलं. कमरेशी हात, बोटं हलती. दादाने त्या बोटांकडे बघितलं. मग एकाएकी उठला आणि इतक्या जोरात हात हलवायला लागला, की होडीवाला मागे सरकला.

"मग कालच का नाही सांगितलंस? फोन का नाही केलास?"

"तुझा फोन उशाखाली!"

रचलेल्या जाळ्यांकडे दादाची नजर गेली आणि त्याचे हात खाली आले.

"थोडी जिवंत म्हणजे कुठली?" त्याने विचारलं. "आमच्या इथली?"

"बाईंना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

"तुला काय वाटतं?"

तिला खोटं सांगावंसं वाटलं. फार वाटलं. तिने खांदे उडवले आणि तळवे उघडले.

दादाने सुरी खिशात घातली आणि ढीग उपसायला सुरुवात केली. वरच्या जाळ्यांत काही राम नव्हता. सगळ्यांत खालच्या, सावलीतल्या, ओलसर राहिलेल्या जाळ्यांवर मात्र थोडे तुकडे अजून रंग धरून होते. होडीवाल्याने टबात समुद्राचं पाणी भरलं. तिघांनी मिळून त्या जाळ्या होडीत चढवल्या. पापणीची बोटं जाळीच्या तारेने कापली, पण थांबायला कुणाला सवड नव्हती. टाक्या कुठे लपवल्या होत्या ते होडीवाल्याला चटकन आठवेना, तेव्हा दादाने त्याला आपल्या भाषेत अशी शिवी दिली, की त्याला ती न शिकवताच कळली.

दादा खाली उतरला आणि पापणी होडीच्या काठाला धरून बुडबुडे बघत बसली. बुडबुडे येत होते तोवर बरं होतं. मध्ये ते लांब सरकले, दिसेनासे झाले, आणि तिने होडीवाल्याचा दंड इतका घट्ट धरला, की तो म्हणाला, "ताई, तो खाली आहे. मी वर आहे. मला सोडा."

दादा वर आला तेव्हा दमला होता. काठाला एक हात धरून दुसऱ्या हाताने त्याने सांगितलं: खालच्या आहेत त्या ठीक. परत ठेवलेल्यांचं सांगता येत नाही. पाणी कोमट आहे.

त्या रात्री तिला राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. बसपर्यंत मात्र सोडायला आला आणि तिच्या कापलेल्या बोटांना औषध लावून दिलं.

संध्याकाळच्या बातम्यांतला खुलासा तिच्या सहकारी मुलीने केला. चौकटीवर पट्टी येणार नाही, असं निर्मात्याने मान्य केलं, निदान रोजच्या बातम्यांपुरतं तरी. परत ठेवलेल्या तुकड्यांपैकी बरेचसे पुढच्या काही दिवसांत पांढरे पडले. थोडे टिकले. दादाने त्याबद्दल तिला दोष दिला नाही, स्वतःला दिला का ते तिने विचारलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी दादाचा फोटो येऊ लागला. जाळीवरचे तुकडे, शेजारी ब्रश. आई तो मोठा करून बघायची, आणि रंग आहे ना, असं पापणीला विचारायची. आहे, असं पापणी सांगायची, कधी खात्रीने, कधी तितक्या खात्रीने नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी सकाळी फोटो आला नाही. जेवणं झाली. आईने भांडी आवरली आणि पुन्हा पुसलेलंच टेबल पुसलं. दुपारी फोन थरथरला. फोटोत नुसतं हिरवट, मळकट पाणी होतं. जाळी दिसतच नव्हती. खाली दादाने लिहिलं होतं: 'आज गढूळ आहे. उद्या उतरून बघतो.'