गेले म्हणजे कोण?

माझं काम भोक पाडण्याचं आहे. हे मी नातेवाइकांत सांगत नाही, कारण लोक लगेच विचारतात, "कशात?" आणि मग उत्तर देता देता माझं जेवण थंड होतं.

तर एका अतिशय पातळ पडद्यात. केसाची जाडीही ज्याच्यापुढे पहाडाएवढी वाटावी, इतकं बारीक भोक. पडद्याच्या दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, आणि भोकातून वाहणारा विजेचा चिमूटभर प्रवाह. डीएनएचा एखादा रेणू त्यातून गेला की प्रवाहाची वाट तेवढी अडते आणि संगणकावरच्या सरळ रेषेला क्षणभर खळी पडते. ती खळी हीच आमची कमाई. तिच्यासाठी आमच्या खोलीत एकच आरोळी असते, "गेला!" आणि बरेच असले तर, "गेले!"

महिनोन्महिने काहीच जात नव्हतं. कधी भोक बुजायचं, कधी शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची ओढली तरी रेषा थयथयाट करायची. मोबाइल तर आत नेण्याची सोयच नाही. त्या दिवशी बाहेरचे परीक्षक यायचे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत रेणू गेला तर मला संशोधनाला एक वर्ष वाढवून मिळणार, नाही तर गाशा गुंडाळायचा. माझे मार्गदर्शक सर तापाने फणफणलेले असूनही आले होते. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द काढायचा तर त्यासाठी वेगळं भोक पाडावं लागेल, असं माझं जुनं मत.

सकाळी मी बाहेर व्हरांड्यात असताना आईचा फोन आला.

"तुझ्या सरांचा ताप कसा आहे गं?"

तेवढ्यात आतून प्रयोगातला माझा जोडीदार ओरडला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, ते उगाच नाही. "गेले! गेले!"

मी जागच्या जागी उडी मारली. "आई, गेले! अगं, शेवटी एकदाचे गेले! ठेवते!" आणि फोन बंद करून आत पळाले.

आता आपल्या भाषेचा खोडसाळपणा बघा. रेणू पुष्कळ असले की गेले. आणि सर एकटेच असले, तरी गेलेच. आदर नडतो तो असा.

परीक्षक येऊन बसले आणि तेव्हाच एक जाडा गुंता भोकात अडकला. नाकापेक्षा मोती जड! रेषा खाली गेली ती तिथेच पडून राहिली. परीक्षक घड्याळ बघायला लागले.

"दाब उलटा दे," सर खोकत म्हणाले. विजेचा दाब उलटा केला की अडकलेलं मागे निघतं. निदान निघावं. मी हात पुढे केला आणि दारावर थाप पडली. उघडायला सरच गेले.

दारात आई आणि मावशी. आईच्या डोळ्यांना रुमाल, मावशीच्या हातात चहाचा थर्मास. आईने सरांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"तुम्ही त्यांच्याबरोबरचे का?" आईने हुंदका दिला. "कसं हो झालं अचानक? सर गेले म्हणे."

"कुठले सर?"

"हिचे."

"हिचे सर मीच."

मावशीने थर्मास छातीशी धरला. आई आधी किंचाळली, मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग घाबरलेलं माणूस बोलतं तसं खरं बोलून गेली. "अहो, ही रोज फोनवर तुम्हाला शिव्या घालते. म्हटलं, आता बिचारी कुणाला घालणार? मला रडूच आवरेना."

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. मी पाडलेल्या भोकात मी मावणार नव्हते. भोंगा टेबलाखाली वाकून हसत होता, परीक्षकही त्यालाच सामील. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"माझ्यासाठी रडलात?" ते म्हणाले. मग घसा साफ केला. "बसा. फोन बंद करा. हलू नका."

सांत्वनाला आलेल्या माणसांइतकं गप्प कुणालाच बसता येत नाही. दोघी श्वास रोखून बसल्या. मी दाब उलटा केला, पुन्हा सुलटा केला. रेषा हळूच वर आली. एक खळी पडली. मग दुसरी. मग लागोपाठ.

"ही हालचालीची गडबड नाही कशावरून?" परीक्षकांनी विचारलं.

मी दाब काढला, खळ्या थांबल्या. दिला, परत पडायला लागल्या. मग त्यांनी मावशीला मुद्दाम खोलीभर चालायला लावलं. रेषा पिसाळली, पण तिचं ते नाचणं अगदी वेगळं दिसत होतं. परीक्षक मान हलवत म्हणाले, "दिलं वर्ष वाढवून."

मला रडू फुटलं. लाज वगैरे काही वाटली नाही. सर माझ्याकडे न बघता पुटपुटले, "चांगलं केलंस." एवढी वर्षं ज्यांची वाट बघितली ते दोन शब्द, तेही तापात!

आईने थर्मासमधला चहा ओतून पहिला कप सरांच्या हातात दिला.

"घ्या गरम गरम. आणि तब्येतीला जपा हो," ती कळवळून म्हणाली, "हिची पदवी हातात पडेपर्यंत तरी."