चार नंबरची बासरी

मी गिटार सिंथेसायझर बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी, जमिनीवर ठेवायचा राखाडी पत्र्याचा डबा आणि त्यावर पायानं दाबायची आठ बटणं, एवढंच माझं रूप. मला स्वतःचा आवाज नाही. गिटारची तार छेडली की तिचा सूर केबलमधून माझ्यात येतो आणि मी तो दुसऱ्याच वाद्याच्या आवाजात बाहेर काढतो. एक नंबर दाबलं की व्हायलिन, दोन दाबलं की ऑर्गन. चार नंबरची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म १९८४ साली जपानमध्ये झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझं एकेक बटण दाबून पाहिलं, कागदावर खूण केली आणि मला खोक्यात घातलं. दोन वर्षं मी अंधारात होतो. खोकं उघडलं ते थेट विलेपार्ल्यात, बाळ नाबर यांच्या घरी.

बाळ नाबर, म्हणजे बाळशेठ, ऑर्केस्ट्राचे मालक. त्यांचा मेव्हणा बोटीवर होता, त्यानंच मला आणलं. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या गिटारवाल्याला, सहदेव परबला, बोलावून घेतलं.

"बघ काय झकास चीज आहे! यात बासरी आहे, व्हायलिन आहे, सगळं आहे. तू एकटा तिघांचं काम करशील," असं म्हणत त्यांनी माझी वायर भिंतीकडे नेली.

सहदेवनं त्यांचं मनगटच धरलं. "थांबा, बाळशेठ! मागं शंभर व्होल्ट लिहिलंय. आपल्या भिंतीत दोनशे तीस आहेत. लावलंत की जळालं."

सहदेव दिवसा चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरवर तार गुंडाळायचं काम करायचा, म्हणून मी वाचलो. बाळशेठ हसले, वायर त्याच्या हातात दिली. ऑर्केस्ट्रातली बासरी सहदेवचा थोरला भाऊ वाजवायचा. सहदेवनं हळूच विचारलं, "बासरी यात आली, तर दादाचं काय?"

"काशीरामला मी सांगेन. तू मध्ये बोलू नकोस. आधी हे वाजतं का ते तर बघ."

सहदेवनं वायर गुंडाळली. मला काखेत घेऊन घरी निघाला.

घर चारकोपच्या एका सेक्टरमध्ये, दीड खोलीचं. तिथं सहदेव, त्याचा थोरला भाऊ काशीराम आणि वहिनी सुलक्षणा राहायचे. काशीराम गिरणीत विणकर होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. लालबागची खोली गेली. गावी कणकवलीकडे भजनात बासरी वाजवायचा, तीच उपयोगी पडली. आधी गंमत होती, मग पोट झालं. सहदेवला ऑर्केस्ट्रात आणला तोही त्यानंच.

मला वाजतं करणं सोपं नव्हतं. सहदेवनं कारखान्यात स्वतःच्या हातानं एक ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणला. मग गिटारवर पिकअप बसवला. पिकअप म्हणजे तारांच्या खाली, घोडीला लागून बसणारी बारीक पट्टी. तिच्यातून मला प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. पट्टी आणि तार यांच्यात पोस्टकार्डाची घडी जाईल एवढीच फट हवी. जास्त झाली तर मला ऐकू येत नाही, कमी झाली तर तार घासते. दोन रविवार त्यात गेले.

त्यानंतर एकेक तार छेडायची, माझ्यावरचा लाल दिवा बघायचा आणि त्या तारेचा स्क्रू फिरवायचा. अशा सहा तारा. एका वेळी एकच तार स्वच्छ वाजली पाहिजे. दुसरीला बोट चुकून लागलं तरी मी किंचाळायचो. शिवाय तार छेडल्यावर सूर ओळखायला मला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा वेळ लागतो. म्हणून सहदेवला तालाच्या किंचित आधी वाजवायची सवय करावी लागली. त्यानं ती केली. हात चांगला होता त्याचा.

पण बासरी जमेना. कंपनीनं माझ्यात घालून दिलेली बासरी लागली तेव्हा काशीराम मोरीत हातपाय धूत होता. ओल्या पायांनीच बाहेर आला.

"ही बासरी? अरे, ही कुकराची शिटी!"

सहदेव हसला नाही. "मग कशी पाहिजे, दादा?"

काशीराम पाय पुसून माझ्या शेजारी चटईवर बसला. खुंटीवरची पिशवी काढली, बासरी ओठाला लावली आणि एकच सूर धरला. "ऐकलंस? आधी फुंकर येता, मगे सूर येता. तुझ्या डब्यात सूर एकदम टपकता. माणूस आहे की नळ?"

माझ्या झाकणाखाली बारा गोल खुंट्या आहेत. आवाज किती हळू उगवायचा, किती थरथरायचा, किती दबका ठेवायचा ते त्यांनी ठरतं. त्या रविवारपासून दोघं भाऊ त्यांच्याशी झटू लागले. काशीराम वाजवायचा, सहदेव खुंटी केसभर फिरवायचा, मग तोच सूर तारेवर. "नाय. परत." पुन्हा काशीराम वाजवायचा. "जवळ इला. पण अजून पोटातून येत नाय." सुलक्षणा चहा ठेवून जायची आणि तो तसाच निवायचा.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी सहदेवनं तार छेडली आणि सुलक्षणा स्वयंपाक करताना तिथूनच म्हणाली, "आज तुमचो सूर कायतरी वेगळोच लागता हां."

काशीरामची बासरी मांडीवर होती. तो हसला. "बघ! घरच्या माणसाक कळला नाय."

सहदेवनं तो आवाज चार नंबरवर साठवला. साठवताना बटण जरा जास्तच वेळ दाबून धरलं होतं त्यानं. पार्ल्याच्या त्या घरात बाळशेठ काय बोलले ते त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं; मी तिथंच टेबलावर होतो. पण मी काही बोलू शकत नाही, आणि तो बोलला नाही.

गणपतीतला पहिला मोठा कार्यक्रम पार्ल्याच्या सभागृहात होता. काशीराम इस्त्रीचा शर्ट घालून, बासऱ्यांची पिशवी खांद्याला लावून आला. सहदेव स्टेजवर माझ्या वायरी जोडत होता. बाळशेठनी काशीरामला पडद्याशी गाठलं.

"काशीराम, यापुढे बासरी सहदेव सांभाळेल. तू दमलास रे. जरा आराम कर."

काशीरामनं माझ्याकडे पाहिलं. मग सहदेवकडे. सहदेव खाली वाकून एक पिन खोचत होता. ती आधीच नीट बसलेली होती.

"बरा," काशीराम म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तो घरी गेला नाही. शेवटून दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसून राहिला. तिसऱ्या गाण्याला सहदेवनं चार नंबर दाबलं. फुंकर आली, मग सूर आला. लोकांनी मान वर करून बासरीवाला शोधला, तो कुठं दिसेना, आणि गिटारवाल्याच्या बोटांतून बासरी येतेय हे कळल्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या टाळ्या मी नंतर कधी ऐकल्या नाहीत.

घरी दोघं एकाच बसनं आले. मी सहदेवच्या मांडीवर होतो. गोरेगाव गेलं, मालाड गेलं. शेवटी काशीराम म्हणाला, "चौथी तार जरा मागे रवता. स्क्रू बघ तिचो."

एवढंच. पुढं त्या विषयावर तो आपण होऊन कधी बोलला नाही.

महिन्याभरात काशीरामला त्याच औद्योगिक वसाहतीत वॉचमनची नोकरी लागली. सकाळी सातला खाकी शर्ट घालून जायचा, चारला यायचा. जेवायचा, पेपर उलगडायचा, झोपायचा. बासऱ्यांची पिशवी खुंटीवर होती तिथंच राहिली; तिच्यावर आता छत्रीही लटकू लागली. सहदेवशी तो नीट बोलायचा. भाजी आण, रॉकेल संपलंय, गॅसचा नंबर लागला का, सगळं. घरात भांडण म्हणून झालं नाही.

एकदा सुलक्षणा सहदेवला म्हणाली, "भावोजी, हे तुमच्यावर एकदा तरी ओरडले असते तर बरं झालं असतं. रात्री मी विचारते, वाईट वाटतं का हो? म्हणतात, नाय. आणि खरंच नाय वाटत त्यांना. त्याचीच मला भीती वाटते."

सहदेवनं मान हलवली. त्याचंही तेच झालं होतं. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथं कार्यक्रम असेल तिथं तो मला मांडायचा, दिवे बघायचा, स्क्रू फिरवायचा, वेळ आली की चार नंबर दाबायचा. पूर्वी पाय ठेवताना जपून ठेवायचा. आता लिफ्टचं बटण दाबावं तसं दाबायचा. टाळ्या पडायच्या. तो केबल गुंडाळायचा.

अशी अडीच वर्षं गेली. १९८९च्या सुरुवातीला, घाटकोपरच्या एका कार्यक्रमात त्यानं चार नंबर दाबलं आणि माझ्यातून नुसती घरघर आली. एकही आवाज जागेवर नव्हता. बाळशेठ पडद्याआडून ओरडले, "अरे, वाट लावलीस ना गाण्याची!" सहदेवनं गाणं साध्या गिटारवर रेटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझं तळाचं झाकण उघडलं. माझ्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. आवाज लक्षात ठेवायचं काम तिच्या जोरावर चालतं. ती संपली होती. त्यानं नवी घातली. कंपनीचे आवाज पुस्तकात आकडे बघून पुन्हा भरता आले. काशीरामची बासरी मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नव्हती.

रविवार होता. काशीराम दारात बसून ड्यूटीच्या बुटांना पॉलिश करत होता. सहदेव मला घेऊन त्याच्यासमोर बसला.

"दादा, बासरी पुसली गेली. परत एकदा बसशील माझ्यासोबत?"

काशीराम ब्रश फिरवत राहिला. सहदेवनं मला खाली ठेवलं.

"दादा, मला आधीच माहीत होतं. बाळशेठनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. तरी मी तुला तीन रविवार वाजवायला लावलं."

ब्रश थांबला नाही. "माका ठावक होता."

"काय?"

"अरे, एका स्टेजवर दोन-दोन बासऱ्यो कोण ठेवता? डबो घरात इलो तेव्हाच समाजला."

"मग शिकवलंस कशाला?"

काशीरामनं बूट उलटा करून टाच पाहिली. "तू वाजवतलस ह्या तर ठरला होता. खोटी वाजवली असतीस, तर ती माकाच ऐकूक लागली असती."

सहदेव रडू लागला. मोठा माणूस, पण लहान मुलासारखा हुंदके देत होता. सुलक्षणा आतून आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. काशीराम उठला, हात धुतले, छत्री बाजूला करून पिशवी काढली. बासरीवरची धूळ शर्टाला पुसली आणि वाजवली. पहिला सूर फुटला. दुसरा बरोबर लागला. सहदेवनं घाईघाईनं डोळे पुसले आणि माझ्या खुंट्यांकडे हात नेला.

काशीरामनं बासरी खाली ठेवली. "आवाज येता रे. पण माका काय वाटना नाय. पूर्वी अंगावर काटो येय. आता नळात पाणी इल्यासारखो येता. ह्या बसवन तू काय करतलस? रवांदे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. सांगून झाल्यावर त्यानं दुसरा बूट हातात घेतला.

बाळशेठनी तोवर एक मोठा कीबोर्ड आणला होता. मी त्यांना नकोसा झालो, मला त्यांनी सहदेवलाच देऊन टाकलं. सहदेवनं ऑर्केस्ट्रा सोडला. भांडून वगैरे नाही. नुसतं जाणं बंद केलं. संध्याकाळी तोही भावाशेजारी बसून पेपर वाचू लागला. एकजण आतलं पान घ्यायचा, दुसरा बाहेरचं.

मला विकत घ्यायला मुलुंडहून वसुधाबाई आल्या. शाळेत संगीत शिकवतात, बायकांचा वाद्यवृंद चालवतात. त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. चार नंबरवर काहीच नव्हतं.

मी ट्रान्सफॉर्मरसकट जड होतो. सहदेव कामावर निघाला होता, म्हणून काशीराम मला उचलून बसस्टॉपपर्यंत आला. त्याची सुट्टी होती, तरी अंगात खाकी शर्टच होता. उन्हात उभं असताना वसुधाबाईंनी सहज विचारलं, "तुमच्या घरात सगळेच वाजवतात वाटतं? तुम्ही काय वाजवता?"

"मी वॉचमन," काशीराम म्हणाला. बस आली. त्यानं मला पायरीवरून आत सरकवलं, नीट टेकलोय का ते पाहिलं आणि मागं सरला.

आता मी मुलुंडला असतो. वसुधाबाई मला जपून वापरतात, वापरून झाल्यावर फडकं टाकतात. काल त्या शेजारणीला सांगत होत्या की त्यांच्या ओळखीचा एक बासरीवाला आहे, त्याला बोलावून त्याच्यासारखा आवाज माझ्यात बसवून घ्यायचा विचार आहे. बाई, मला आपण होऊन बोलता येत नाही. येत असतं तर एवढंच सांगितलं असतं: त्या माणसाला चहा द्यायच्या आधी, बासरी पिशवीतून काढायच्या आधी, त्याला कशासाठी बोलावलंय ते सांगा. आणि तो "बरं" म्हणाला, तर त्याच्या तोंडाकडे थोडा वेळ बघा.