राजाभाऊंच्या हातोड्याने ऐकलेले घर

मित्रांनो, ज्याने उभ्या आयुष्यात एक खिळासुद्धा ठोकला नाही, असा मी एक जुना हातोडा आहे. हे वाचून तुम्हांस हसू येईल. परंतु माझे काम फोडण्याचे नव्हे. भिंतीला अथवा छताला हलकेच टकटक करावी आणि आतून जो आवाज येईल तो धन्याच्या कानी घालावा, एवढेच मी सत्तावीस वर्षे करीत आलो. आतले काँक्रीट घट्ट असेल तर मी 'टण्' असे बोलतो. ते आतून सुटलेले असेल तर 'भद्द' असे बोलतो. या दोन शब्दांखेरीज तिसरा शब्द मला येत नाही.

माझा जन्म फरीदाबादच्या एका कारखान्यात झाला. लाल तापलेल्या पोलादाला माझा आकार दिला गेला आणि नंतर मला शिसवीचा दांडा बसविण्यात आला. माझ्यासोबत जन्मलेले माझे बंधू सुतारांकडे व गवंड्यांकडे गेले. मी मात्र राजाभाऊंच्या दृष्टीस पडलो. राजाभाऊ हे नोकरीनिमित्त दिल्लीकडे आलेले मराठी इंजिनिअर. घर विकत घेण्यापूर्वी ते तपासून देणे हा त्यांनी पुढे व्यवसाय केला. दुकानाच्या दगडी पायरीवर त्यांनी आम्हा पाच-सहा जणांना एकेक करून आपटले, कान जवळ नेला आणि दुकानदारास म्हणाले, "ये वाला दे दो भैया. इसकी ज़बान साफ़ है." आजवर माझी इतकी स्तुती कोणी केलेली नाही.

त्यानंतर नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद येथील किती छते मी वाजविली याची गणतीच नाही. मी छताला लागलो की खाली उभी असलेली नवरा-बायको श्वास रोखून धरीत. राजाभाऊ डोळे मिटून ऐकत आणि खडूने खूण करीत. त्यांनी खूण केली आणि तेथे दोष निघाला नाही, असे कधी घडले नाही.

परंतु दिवस सारखे राहत नाहीत. गुरुग्रामच्या एका कंपनीत काम करणाऱ्या त्यांच्या कन्येने, रुचिराने, त्यांना भिंतीतील ओल मोजणारे एक चिमुकले यंत्र आणून दिले. ते यंत्र आकडे दाखवीत असे. मी पिशवीच्या तळाशी गेलो. प्रथम मला त्या यंत्राचा राग आला. हळूहळू मात्र निराळीच शंका मनास पोखरू लागली.

"बाबा, टीव्हीचा आवाज केवढा मोठा! खालच्या मजल्यावरचे लोक कंप्लेंट करतील."

"अच्छा, म्हणजे माझाच दोष! तुम्ही लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता."

"कान दाखवून या ना एकदा."

"काय म्हणालीस?"

रुचिरा हसली. मला हसू आले नाही. ज्याची सारी वाणी आवाजात आहे, त्याच्या धन्याला ऐकू येईनासे झाले तर त्याने काय करावे? आणि राजाभाऊ तर ही गोष्ट कोणाजवळही कबूल करावयास तयार नव्हते.

अशा स्थितीत गेल्या नोव्हेंबरात पद्माकररावांचे प्रकरण आले. पद्माकरराव व विनयाताई हे फरीदाबादचे जोडपे. थंडी सुरू झाली की दिल्लीची हवा धुराने भरते, आणि पद्माकररावांचा दमा उसळतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, जमले तर हे शहर सोडा. म्हणून फरीदाबादचा एकुलता एक फ्लॅट विकावा आणि कोकणात केळशेत या समुद्राकाठच्या गावी घर घ्यावे, असे त्यांनी ठरविले. फ्लॅटला गिऱ्हाईक तयार होते. नवे घर फसले, तर परत यावयास जुने घर उरणार नव्हते.

केळशेतचे ते घर हेमलताताईंचे. या ताई दिल्लीत मराठी मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या, सर्वांना आदरणीय. रविवारी बरीच मराठी मंडळी कोपर्निकस मार्गावरील अतिथिगृहाच्या उपाहारगृहात नाश्त्याला जमतात. तेथेच ही बोलणी झाली. मी राजाभाऊंच्या पिशवीतून सर्व ऐकत होतो.

"तपासायचं काय त्यात?" पद्माकरराव खोकत म्हणाले. "ताईंचं घर आहे, यार. आपल्या मुलीला, अनुष्काला, त्यांनी बाराखडी शिकवली."

"बाराखडी शिकवली म्हणून स्लॅब पक्का होतो का?" विनयाताई म्हणाल्या.

"हळू बोल. मागच्याच टेबलावर बसल्यात."

"बसू देत. मी काही त्यांना चोर म्हणत नाहीये."

हेमलताताईंनी ते ऐकलेच. त्या साबुदाणा वड्याची बशी घेऊन उठल्या आणि आमच्या टेबलापाशी आल्या.

"तपासून घ्या की! मीसुद्धा जन्मभर वह्या तपासल्या," त्या म्हणाल्या. मग राजाभाऊंकडे वळून त्या हसल्या. "फक्त राजाभाऊ, लाल शाई जरा बेतानं हं. आपलीच माणसं आहेत."

सर्वजण हसले. राजाभाऊही हसले, परंतु पिशवीच्या पट्ट्यावरील त्यांचा हात घट्ट झालेला मला जाणवला. परक्या मुलखात आपल्या माणसाच्या घराला खोट काढणे किती कठीण असते, हे मित्रांनो, तेथे राहणाऱ्यासच कळते. माझ्या मनात आले की, यांच्या कानांना कमी ऐकू येते, आणि आता यांच्या मनालाही कमी ऐकावेसे वाटेल.

आठवड्याभराने पद्माकरराव, विनयाताई, राजाभाऊ आणि पिशवीतला मी असे निजामुद्दीन स्थानकावरून निघालो; हेमलताताई दिल्लीतच राहिल्या. केळशेतला पोहोचल्यावर पद्माकररावांनी अंगणात उभे राहून दीर्घ श्वास घेतला आणि त्यांना खोकला आला नाही. विनयाताईंचे डोळे भरून आले. मला मात्र त्या क्षणापासून अधिकच धडकी भरली. कारण माणसाला एखादे घर आवडले की, त्याचे दोष ऐकावयास तो तयार नसतो.

घर देखणे होते. पुढचा भाग जांभ्या दगडाचा व कौलारू होता. मागील बाजूस स्वयंपाकघर आणि एक झोपण्याची खोली वीस-बावीस वर्षांपूर्वी स्लॅब टाकून वाढविलेली होती. सर्वत्र नुकताच रंग दिलेला. घराची राखण करणाऱ्या गिरिजाबाई तेथेच मागल्या खोलीत राहत. राजाभाऊ उंच स्टुलावर चढले आणि गिरिजाबाईंनी ते स्टूल दोन्ही हातांनी धरले.

ओल मोजणाऱ्या यंत्राने बरे आकडे दाखविले. पावसाळा संपून भिंती वाळल्या होत्या. मग कित्येक महिन्यांत प्रथमच राजाभाऊंनी मला हाती घेतले. मी स्वयंपाकघराच्या छताला लागलो. टण्. पुन्हा टण्. मी सुखावलो. मग आम्ही झोपण्याच्या खोलीत आलो. पहिल्या ठोक्याला टण् आले, दुसऱ्यालाही आले, आणि तिसऱ्या ठोक्याला माझ्या तोंडून निघाले, भद्द.

मी शहारलो. राजाभाऊंनी हात पुढे सरकविला. भद्द. भद्द. छताचा अर्ध्याहून अधिक भाग मला तेच सांगत होता. मी सर्व शक्तीनिशी ते ओरडून सांगत होतो. परंतु राजाभाऊंच्या चेहऱ्यावर एकही रेषा हलली नाही. खिडकीपलीकडे समुद्राची गाज चालू होती. क्षणभर ते थांबले, मान तिरपी केली, आणि पुटपुटले, "या लाटांमुळे काही धड ऐकूच येत नाही." मग ते खाली उतरले आणि वहीत त्यांनी लिहिले, 'मागील खोली : छत योग्य.'

हे मित्रांनो, त्या वेळची माझी अवस्था मी कोणत्या शब्दांत वर्णन करू? सत्य मला ठाऊक होते आणि ते मी बोललोही होतो, तरी ते कोणापर्यंत पोहोचलेच नव्हते. बाहेर पद्माकररावांनी फोन काढला. फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला होकार कळवावयाचा होता. "चलो, झालं एकदाचं," असे म्हणत ते नंबर शोधू लागले.

तेवढ्यात स्टूल उचलता उचलता गिरिजाबाई थबकल्या.

"काकानू," छताकडे बोट दाखवून त्या हळूच म्हणाल्या, "हंयसर परत एक डाव ठोका बघू."

"काय?" राजाभाऊ म्हणाले.

गिरिजाबाईंनी मोठ्याने पुन्हा सांगितले. त्या म्हणाल्या, "ह्यो आवाज पिकलेल्या फणसासारखो येता. पयलो आवाज कच्च्या फणसाचो होतो."

फणस पिकला की नाही, हे त्या गावात बोटाने ठोकून ओळखतात. कच्चा फणस टणटणीत वाजतो. पिकलेला आतून मऊ होतो आणि त्याचा आवाज बसतो. गिरिजाबाई लहानपणापासून फणस वाजवीत आल्या होत्या, आणि माझी भाषा त्यांना न शिकविताच येत होती!

राजाभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी मला पुन्हा छताला लावले. एकदा, दोनदा. प्रत्येक वेळी ते गिरिजाबाईंकडे पाहत आणि गिरिजाबाई 'पिकलो' म्हणून मान हलवीत. अखेर ते स्टुलावरच बसले.  ते 'लाटांमुळे' असे पुन्हा म्हणतील की काय, या भीतीने मी गारठलो होतो.

"पद्माकर," त्यांनी हाक मारली, "फोन ठेव. मला ऐकू आलं नाही. आज नव्हे, वर्षभर मला नीट ऐकू येत नाहीये."

विनयाताईंनी पद्माकररावांच्या हातातील फोन काढून घेतला.

आत काय आहे हे पाहण्यासाठी छताचे प्लास्टर काढणे आवश्यक होते, आणि घर तर दुसऱ्याचे. राजाभाऊंनी हेमलताताईंना दिल्लीस फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"राजाभाऊ, तुम्ही माझं घर बघायला गेलात की पाडायला?"

"ताई, छत पोकळ वाजतंय. वीतभर जागा उघडून बघतो. तुम्ही हो म्हणालात तरच."

"रंग देऊन महिना झाला नाही! कोण म्हणतं पोकळ आहे?"

राजाभाऊंनी गिरिजाबाईंकडे पाहिले. त्या ताईंच्या नोकरीत होत्या. बोलल्याबद्दल त्यांना काय सोसावे लागेल, हे कोणास ठाऊक? परंतु त्या स्वतःच फोनजवळ सरकल्या.

"मी म्हणतंय, बाई. ह्या छपराखाली मी निजतंय."

 मग ताई म्हणाल्या, "उघडा. पण आधी गिरिजाची खाट तिथून काढा."

खाट काढण्यात आली. गिरिजाबाईंच्या कोयत्याचे टोक नव्या रंगात शिरताच ताटाएवढी खपली धाडकन खाली आली. आतील लोखंडी गज गंजून तांबडे झाले होते, आणि एका जागी तर गज काडीइतकाच उरला होता. बांधतेवेळी कोणीतरी खाडीची खारी वाळू वापरली होती. तिच्यातील मिठाने वीस वर्षे गुपचूप लोखंड खाल्ले, गंजाने फुगलेल्या गजांनी काँक्रीट सोडविले, आणि रंगाने ते सर्व झाकले. ताईंना यातले काहीही ठाऊक नव्हते.

दिल्लीस परतल्यावर राजाभाऊंनी अहवाल लिहिला. त्यात त्यांनी खालील वाक्य घातले : 'प्रस्तुत छत मी प्रथम निर्दोष ठरविले होते. दोष श्रीमती गिरिजा यांनी ऐकला.' रविवारी अतिथिगृहात हेमलताताईंनी तो अहवाल चष्मा लावून वाचला, दोनदा वाचला.

"पद्माकर, हे घर मी तुला आत्ता विकणार नाही," त्या म्हणाल्या. "ती खोली पाडते. मग पाहू."

"ताई, तुम्ही रागावलात का?"

"रागावले. स्वतःवर. गिरिजाला तिथं झोपायला मीच सांगितलं होतं." मग त्या विनयाताईंकडे वळल्या. "आणि तू, त्या दिवशी हळू बोलली नाहीस, ते बरं केलंस."

स्वयंपाकघराच्या स्लॅबलाही तीच खारी वाळू होती, म्हणून फेब्रुवारीत ती खोली व स्वयंपाकघर दोन्ही पाडण्यात आली. पद्माकररावांनी फ्लॅट तूर्त विकला नाही. तो हिवाळा त्यांनी खोकत फरीदाबादेतच काढला, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. राहिलेल्या कौलारू भागाच्या तपासणीसाठी मार्चमध्ये आम्ही पुन्हा केळशेतला गेलो. राजाभाऊंच्या कानात आता श्रवणयंत्र होते. रुचिराने ते बसवून आणले होते, आणि गाडीभर ते तक्रार करीत होते की, जगात एवढा गोंगाट असतो हे आपण विसरलोच होतो. तरीदेखील प्रत्येक भिंतीला मला लावल्यावर ते आधी वळून विचारीत, "गिरिजाबाई?" त्या "कच्चो" म्हणाल्या, म्हणजे ते वहीत 'घट्ट' असे लिहीत. सबंध घरात त्यांना 'पिकलो' असे एकदाही म्हणावे लागले नाही. अहवालाच्या तळाशी या वेळी दोन सह्या आहेत. त्यानंतरच पद्माकररावांनी फरीदाबादच्या गिऱ्हाइकाला फोन केला.

मित्रांनो, मी एक अडाणी वस्तू आहे. उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. तरी एक विनंती करतो. तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी घर घ्याल. ते समुद्राकाठी असो वा शहरात, परक्याचे असो वा आपल्या माणसाचे, जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय होकार देऊ नका, आणि तपासणीने कोणाचा अपमान होतो असे मानू नका. आणि तुम्हीच जाणकार झालात, तर तुमचे कान, तुमचे डोळे वेळच्या वेळी दाखवीत जा. आम्ही हत्यारे खरे बोलतो, परंतु आमचे बोलणे ऐकणारा माणूस लागतो. ज्या दिवशी ऐकू आले नाही, त्या दिवशी तसे सांगा. केळशेतच्या त्या खोलीत मी सर्व शक्तीनिशी ओरडलो, त्याने काही झाले नाही. 'मला ऐकू आलं नाही' हे चार शब्द एका वृद्ध माणसाने स्टुलावर बसून उच्चारले, तेव्हा कोठे ती खाट तिथून हलली.