इन्साफचा खल

मित्रांनो, मी एक जुना पितळी खल आहे. नाईलकाठच्या मिन्या गावात मला घडवले आणि इन्साफच्या आईने लेकीला लग्नात दिले. लसूण-धणे कुटणे हे माझे रोजचे काम. पण माझा खरा मान बाळाच्या सातव्या दिवशी. बाळाला चाळणीत निजवतात, त्याच्या कानाशी मला बडवतात आणि "आईचं ऐक हो" असे सांगतात. त्या दिवशी मी भाव खाऊन घेतो.

इन्साफला सातवा महिना होता. त्या दिवसासाठी तिने मला लिंबाने घासून लखलखीत ठेवले होते. बाळ पोटातच गेले. तिला न दाखवताच पुरले. सासू, उम्म सब्री म्हणजे सब्रीची आई, म्हणाली, रडायचे काय त्यात, दुसरे होईल. इन्साफ माझ्यासमोर बसून राही. हातात बत्ता, लसूण तसाच. जेवेना, झोपेना. नवरा सब्री म्हणाला, डॉक्टरला दाखवू. वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलेस तर लोक तोंडात शेण घालतील, असे आईने सुनावले. त्याने पुन्हा डॉक्टरचे नाव काढले नाही.

मग जावेला मुलगा झाला. सातव्या दिवशी सासू मला न्यायला आली. इन्साफही कपडे बदलून उभी राहिली.

"तू कुठे निघालीस?"

"पुतण्याला बघायला. खल माझाच आहे ना, आई?"

"खल चालेल. तू नको. मूल गेलेली बाई आत आली की बाळंतिणीचं दूध आटतं. तुला का माहीत नाही?"

माहीत होते. बहिणीच्या बाळंतपणात तिनेच एका शेजारणीला दारातून परत पाठवले होते. ती खाली बसली.

त्या दिवशी मी पुष्कळ घणघणलो. मला लाज वाटत होती.

संध्याकाळी मी परत आलो, पोटात सोहळ्यात वाटलेले खारे दाणे आणि गोड गोळ्या घेऊन. इन्साफने ते ओतून टाकले. चाळणीत एक रिकामे झबले पसरले आणि शेजारी मला बडवू लागली.

"आईचं ऐक," ती म्हणाली. "ऐक ना रे."

सासूने धावत येऊन बत्ता हिसकावला आणि कपाटात कुलूपबंद केला. सब्री दारातून बघत राहिला.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी सांगणार नाही. पितळेला काय होते? आलेल्या बाळासाठी तुम्ही गल्ली दणाणून सोडता आणि गेलेल्या बाळाच्या आईला धड रडूही देत नाही. तिच्याजवळ जाऊन बसा. बाळाचे नाव काय ठेवणार होतीस, एवढे विचारा. ती ते रोज पुटपुटते, मी ऐकतो. विचारायला अजून कोणी आलेले नाही.