एकसष्टावर थांबलेला समुद्र

लॅपटॉप बंद पडला तेव्हा त्याच्या पोटात माझ्या लेकीचा अख्खा समुद्र होता.

लेक मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. या वेळचं पुस्तक समुद्राच्या तळाबद्दल होतं. चार महिने मान मोडून तिने त्रेचाळीस चित्रं करत आणली होती आणि ती सोमवारी छापायला द्यायची होती. त्यांची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती. प्रत ठेवण्यासाठी तिने एक वेगळी हार्ड डिस्क आणली होती, पण ‘उद्या करू’ म्हणता म्हणता ती अजून खोक्यातच होती.

शनिवारी सकाळी लॅपटॉपने आपणहून विचारलं, अपडेट करू का? लेक म्हणाली, “कर बाबा एकदाचं,” आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. खाली येऊन बघते तर पडदा काळा. बटण दाबलं की कडेचा बारीक दिवा लागायचा, जरा थांबायचा आणि विझायचा. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. झोपलेल्या माणसाने हाक ऐकून नुसतं ‘हं’ करावं आणि कूस बदलावी, तसं.

लेक मुदत मागायला प्रकाशकाकडे धावली. मी आणि नात लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालो.

नात नऊ वर्षांची. एका जागी टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. त्या दिवशी मात्र ती माझं बोट धरून सरळ रेषेत चालत होती. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. उन्हाने भिंती पांढऱ्या झाल्या होत्या आणि आमच्या सावल्या पायाशी गोळा होऊन बसल्या होत्या. मला वाटलं, आईच्या काळजीने गप्प आहे पोर. छत्तीस वर्षं वर्गात काढूनही मुलांचं गप्प बसणं दर वेळी वाचता येतंच असं नाही.

दुकान चष्मेवाल्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. एकच खोली. खिडकीला दुधी काच, त्यामुळे आत येणारा उजेड ताकासारखा मऊ. भिंतीला खणांचं कपाट आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी: बारीक स्क्रू, फार बारीक स्क्रू, कुठले ते माहीत नाही. मधल्या टेबलावर कपाळावर भिंग चढवून बसलेली बाई माझी जुनी विद्यार्थिनी. पाचवीत अपूर्णांकाचं काहीही विचारलं की ती ठोकून द्यायची, “पाऊण!” त्यावरून तिचं नाव पाऊण पडलं. आता तिच्या कानशिलावर पांढरे केस आहेत, पण माझ्या तोंडून दुसरं नाव निघत नाही.

“या सर. कुणाचा जीव घेऊन आलात?”

मी सांगितलं. तिने लॅपटॉप उलटा केला, दहा स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, पाठ उघडली, बॅटरीची वायर सोडवली.

“फर्मवेअर गेलंय,” ती म्हणाली. “अपडेट अर्ध्यात तुटलं.”

“म्हणजे काय गेलं?” भिंगरीने विचारलं. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

“सर, तुम्ही सांगा. मी सांगितलं की लोक घाबरतात.”

मी भिंगरीला स्टुलावर बसवलं. म्हटलं, “असं समज, एक मोठं घर आहे. सगळे गाढ झोपलेत. घरात एकच माणूस असा, जो सगळ्यांच्या आधी उठतो. तो दार उघडतो, दिवा लावतो आणि एकेकाला हलवून उठवतो. कुणाला कुठल्या क्रमाने उठवायचं ते त्याच्या डोक्यात पक्कं असतं. आज सकाळी त्याला नवा क्रम शिकवायला घेतला आणि शिकवणी मधेच तुटली. आता तो उठतो, दारापर्यंत जातो आणि तिथेच उभा राहतो. पुढे काय करायचं ते त्याला आठवत नाही.”

“मग बाकीचे?”

“बाकीचे झोपलेत. त्यांना काही झालेलं नाही.”

“चित्रंपण?”

“चित्रंपण.”

“पास,” पाऊण म्हणाली. “पण एक राहिलं, सर. चित्रं ज्या डिस्कमध्ये आहेत ती इथे आतल्या बोर्डालाच चिकटवलेली असते, काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावता येत नाही. शिवाय तिला कुलूप आहे. त्या उठवणाऱ्यालाच उठवायला लागणार.”

तिने सूक्ष्मदर्शक ओढून बोर्डावर आणला आणि भिंगरीला म्हणाली, “बघायचाय तो?”

भिंगरीने डोळे लावले आणि श्वास रोखला. मग मीही पाहिलं. खाली एक गाव पसरलं होतं. हिरव्या जमिनीवर तांब्याचे रस्ते, एकमेकांना खेटून चाललेले, वळणावर सगळे एकदम वळणारे. चंदेरी गच्च्या. रांगेने उभ्या करड्या खोल्या, इतक्या सारख्या की आपलं दार कुणाला कसं सापडत असेल! कुठेही माणूस नाही, गाडी नाही, पान हलत नाही. आपण विमानातून पाहतोय आणि विमानाचाही आवाज बंद झालाय, असं वाटलं. मला तिथल्या रस्त्यांवरून चालावंसं वाटलं, खरंच. पाऊणच्या चिमट्याचं टोक आभाळातून उतरावं तसं आलं आणि एका काळ्या चौकोनी घराशी थांबलं. घराला आठ पाय होते.

“हा तो,” ती म्हणाली.

“एवढुसा?” पुन्हा डोळे लावून भिंगरी पुटपुटली.

त्या आठ पायांवर पाऊणने एक पकड बसवली. पकडीची वायर तिच्या संगणकाला होती. “लिहिण्याआधी वाचायचं. जे काही उरलंय ते आधी जपून ठेवायचं, मोडकं असलं तरी.” तिने चिप एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. दोन्ही वाचनं जुळेनात. तिने पकड काढली, पाय पुसले, पुन्हा बसवली. मग लागोपाठ तीन वाचनं अक्षरन् अक्षर सारखी आली.

“तीनदा कशाला?” मी विचारलं.

“तुम्ही विचारताय? एक पाढा तीन-तीनदा म्हणायला लावायचात. माझी जीभ कोरडी पडायची.”

ती खुर्चीत मागे टेकली. “आता ऐका. दोन वाटा आहेत. याच मॉडेलचा एक धडधाकट लॅपटॉप माझ्याकडे आहे. त्याच्या चिपमधलं सगळं इथे उतरवायचं. ही वाट पक्की, लॅपटॉप उठणारच. पण कुलपाची किल्लीही याच चिपमध्ये असते. सगळं पुसून दुसऱ्याचं लिहिलं की किल्ली जाते. नंतर ती परत बसवता येते, पण दर वेळी नाही. मग कुलूप उघडायला एक लांबलचक आकडा लागतो. ताईंनी कुठे लिहून ठेवलाय?”

मी लेकीला मेसेज करून विचारलं. तिचं उत्तर आलं, “कसला आकडा?”

“मग दुसरी वाट. चिपच्या शेवटच्या कोपऱ्यात एक लहानसा भाग असतो. बाकी सगळं बिघडलं तरी तेवढा शाबूत असेल तर तो पेन ड्राइव्हवरून स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो, आणि किल्लीला हात लावत नाही. पण अपडेट त्या कोपऱ्यापर्यंत पोचलं असेल आणि तोच अर्धा पुसला गेला असेल, तर या वाटेने जाताना आहे तेही बिघडू शकतं. उरलंय ते वाचून कळेल, पण दोन दिवस जातील. म्हणून विचारते, अपडेट तुटलं तेव्हा किती टक्के झालं होतं? कुणी पाहिलं होतं का?”

“कोण पाहणार?” मी म्हटलं. “लेक गच्चीवर, मी अंघोळीला. पण वीज गेली नव्हती बहुतेक. गिझर चालू होता...”

“एकसष्ट,” भिंगरी म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे वळलो. तिची नजर अजून सूक्ष्मदर्शकातच होती, म्हणजे चेहरा लपवायला तिला ती जागा मिळाली होती.

“काय एकसष्ट गं?”

“टक्के. एकसष्ट झालं आणि मी बटण दाबून धरलं. दहा मोजेपर्यंत.”

खाली चष्मेवाल्याचं काच घासायचं चाक फिरत होतं.

“का गं बाळा?” मी विचारलं.

“तो खूप किंचाळायला लागला. पंखा. असा कधीच नव्हता ओरडत. तुम्हीच सांगितलं होतं ना आजोबा.” आता तिने मान वर केली. डोळे काठोकाठ भरलेले. “यंत्र किंचाळायला लागलं की आधी बटण बंद, मग मोठ्यांना हाक.”

सांगितलं होतं. गेल्या वर्षी मिक्सरमधून धूर निघाला तेव्हा. नुसतं सांगितलं नव्हतं, तीनदा म्हणवून घेतलं होतं. पोरीने पहिला भाग शब्द न् शब्द पाळला होता, पण पडदा काळा झाल्यावर मोठ्यांना हाक मारायची तिची छाती झाली नव्हती.

मी तिचा हात हातात घेतला. “नियम मी अर्धाच शिकवला. मिक्सरचा नियम सगळ्या यंत्रांना लावला. काही यंत्रं दमली म्हणून ओरडतात आणि काही काम करताना ओरडतात. हे मला तेव्हा सुचलं नाही.”

“सर,” पाऊण गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “उद्या शंभर वेळा लिहून आणा.”

भिंगरीला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. पाऊणने तिला पाण्याचा पेला दिला. “एकसष्ट नक्की ना? साठ नाही, बासष्ट नाही?”

“एकसष्ट. मी आकडेच बघत होते.”

“मग शेवटचा कोपरा वाचलाय. हे लिहितं खालून वर, तो कोपरा सगळ्यात शेवटी. ऐंशीच्या पुढे गेलं असतं तर माझी हिंमत झाली नसती. आपण दुसऱ्या वाटेने जाऊ.”

तिने लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवरून नेमकी फाइल उतरवली, त्या यंत्राला कळेल असं नाव दिलं आणि पेन ड्राइव्हवर ठेवली. पकड काढली, बॅटरी जोडली, लॅपटॉप सरळ केला. पेन ड्राइव्ह खोचला. मग दोन कळा एकदम दाबून धरल्या आणि मला म्हणाली, “चार्जर लावा, सर.”

मी लावला. कडेचा दिवा लागला. थांबला. या वेळी विझला नाही. पेन ड्राइव्हचा निळा ठिपका लुकलुकू लागला. पडदा काळाच.

“किती वेळ?”

“दहा मिनिटं, पंधरा. काही सांगता येत नाही. आणि आता...”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत पंखा सुरू झाला. आधी गुणगुण, मग शिट्टी, मग सरळ किंकाळी. भिंगरीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. खरं सांगायचं तर माझाही हात बटणाकडे जायला शिवशिवत होता.

“आजोबा, आईला फोन लावा.”

“चालू होऊ दे आधी, मग सांगू.”

“नाही. चालू झाल्यावर ती रागावणारच नाही.”

“मग बरंच आहे की.”

“मग मी सांगितलं त्याला काय अर्थ!”

मी फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून लेकीचा दबलेला आवाज आला, “मी बाहेर बाकावर बसलेय, साहेब अजून आत आहेत. काय झालं?”

भिंगरीने एका दमात सांगून टाकलं. पंखा, एकसष्ट, दहा आकडे, सगळं. मग तिने फोन पंख्याजवळ धरला. पंखा ओरडतच होता. दुधी काचेवरचा उजेड हळूच पिवळा झाला. मला वाटू लागलं, आपण तिघं कुठल्याशा खोल पाण्यात बसलोय आणि वर पोचायला बराच वेळ लागणार आहे.

“हा तोच आवाज का?” लेकीने विचारलं.

“हो.”

“भलताच मोठा आहे गं. घाबरली असशील.”

“हो.”

“मग गच्चीवर का नाही आलीस?”

“तू रागावली असतीस.”

“रागावले असतेच. अजूनही रागावणार आहे. पण यायचं होतंस.”

पंखा अचानक थांबला. इतकी शांतता झाली की खालचं चाकही थांबल्यासारखं वाटलं. पेन ड्राइव्हचा ठिपका विझला. टेबलाची कड धरून पाऊण उभी होती, एवढी वर्षं हेच काम करणारी बाई. पडद्याच्या मधोमध राखाडी उजेड आला, मग पांढरा, मग लेकीचं नाव आणि पासवर्डची चौकट.

“आई, आला! पासवर्ड सांग!”

लेकीने सांगितला. कुलूप कुठलाही आकडा न मागता उघडलं.

“आधी प्रत काढायला सांग,” लेक म्हणाली. “सगळ्याची. मग मी रडते, मग रागावते.”

पाऊणने आपली डिस्क जोडली. एकेक चित्र उघडून बघायचं आणि मग पलीकडे न्यायचं असं ठरलं. भिंगरी फोनवर सांगत होती आणि लेक प्रत्येकाला ‘हं’ म्हणत होती. दिवेवाला मासा. हं. काचेचा खेकडा. हं. वाळूत झोपलेला चपटा मासा. हं. खोलीच्या भिंतीवर पडद्याचा निळा उजेड हलत होता आणि मी भिंतीला टेकून नुसता ऐकत होतो. एकेचाळीस. हं. बेचाळीस. हं.

त्रेचाळिसाव्याला भिंगरी थबकली. “आई, याला शेपूटच नाहीये! अर्धंच उरलंय!”

“अगं, ते मी अजून काढलेलंच नाही,” लेक म्हणाली, आणि आता ती खरंच रडत होती. “या घरी लवकर. आज पुरं करते.”